बेटावरचा व्हरांडा आणि आपल्या जंगलातील ऊन



गेल्या एप्रिल महिन्यात आपल्या भागातील एका धर्मग्रामाच्या सभेस उपस्थित राहण्याचा योग आला. विषय साधा होता. चर्चलगतच्या जुन्या मिशन बंगल्याचे काय करायचे? त्याचे कवेलू दर वर्षी माकडे फोडतात, वाशांना वाळवी लागली आहे आणि तिन्ही बाजूंच्या व्हरांड्यामुळे जागा वाया जाते, असे बहुतेकांचे मत होते. व्हरांडा भिंती घालून बंद करावा, कवेलू उतरवून टिनाचे पत्रे टाकावेत, सरकत्या काचांच्या खिडक्या बसवाव्यात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी चार खोल्या वाढवाव्यात, असा ठराव जवळजवळ तयार होता. बाहेर पारा ४४ अंशांवर गेला होता. गंमत अशी की, ही सभा त्याच व्हरांड्यात भरली होती. शेजारच्या नव्या सभागृहात, पत्र्याखाली, कोणालाच बसवत नव्हते.

ठराव मताला टाकण्यापूर्वी मागच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "फादर, हे असे व्हरांडे आपल्याकडे काढले तरी कोणी? आमच्या आजोबांच्या घराला तर नुसती सपरी होती." त्या वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते. पूर्ण उत्तर द्यायचे तर आधी समुद्राकडे जावे लागते, कारण आपल्याकडच्या मिशन बंगल्यांची आणि वन विभागाच्या जुन्या विश्रामगृहांची कुळकथा बऱ्याच अंशी बेटांवर सुरू होते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला, तेव्हा त्यांच्या हाती आले ते मुळात एक बेट होते. मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी यांनी वेढलेले हे तिसवाडी बेट. जुने गोवे शहर त्याच्याच काठावर वाढले आणि शेजारी दिवाडी व चोडण ही आणखी दोन बेटे आहेत. लिस्बनहून आलेल्या माणसाला कडक उन्हाळा ठाऊक होता, चार महिने कोसळणारा पाऊस मात्र ठाऊक नव्हता. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. लिस्बनमध्ये त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. युरोपातील वास्तूचा आराखडा येथे जसाच्या तसा उभा करणे म्हणजे ती भिजवून कुजवणे होते.

पहिला प्रश्न दगडाचा आला. कोकणपट्टीत मुबलक मिळतो तो जांभा. खाणीत असताना तो मऊ असतो, सहज तासता येतो आणि वारा लागल्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. म्हणून जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा जाड गिलावा आणि वर पांढरी सफेदी हे गोव्यातील चर्चचे रूप झाले. ती सफेदी शोभेसाठी असावी असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तो भिंतीचा रेनकोट होता. पावसापूर्वी तो दुरुस्त करायचा, असा रिवाज पडला.

हा रेनकोट काढला तर काय होते, याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने डोळ्यांनी पाहिले आहे, बहुधा न ओळखता. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जेथे आहेत, त्या बॉम जेझू बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. साडेतीन शतके तिच्या भिंतींवर गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो खरवडून काढला, कारण उघडा तांबडा दगड अधिक प्राचीन दिसतो, अशी त्या काळची रुची होती. तेव्हापासून तो दगड दर पावसाळ्यात झिजतो आहे. गेल्या काही वर्षांत बॅसिलिकेच्या धर्मगुरूंनीच ही बाब जाहीरपणे मांडून गिलावा पुन्हा करावा अशी मागणी केली, तेव्हा विरोध झाला तो त्या तांबड्या रूपाच्या प्रेमापोटी. आपण छायाचित्रांत पाहून मनात ठसवलेले रूप अवघ्या ७० वर्षांचे आहे!

दुसरा प्रश्न खिडकीचा. काच महाग, दुरून येणारी आणि कडक प्रकाश आत सोडणारी. गोव्यातील सुतारांनी तिच्या जागी खाडीतील एका चपट्या शिंपल्याची पातळ, अर्धपारदर्शक शकले कापून सागवानी चौकटीच्या खाचांत बसवली. त्यातून येणारा प्रकाश दुधासारखा मऊ असतो, डोळ्यांना टोचत नाही, आणि तुकड्यांमधील फटींतून थोडी हवाही खेळते. पावसाची तिरपी झड आली तरी खिडकी बंद ठेवून आत वाचता येते. ही युक्ती चर्चमध्ये, मठांत आणि पुढे श्रीमंतांच्या घरांत सर्वत्र पसरली.

तिसरी गोष्ट छपराची. उतार तीव्र, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचण लांब, आणि दारापुढे छप्पर असलेला तो प्रसिद्ध बाल्कांव, समोरासमोर दोन दगडी बाके असलेला. संध्याकाळी खाडीवरून येणारा वारा घ्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे, हे दोन्ही तेथे साधत असे. घराच्या पोटात मात्र कित्येक ठिकाणी आपल्याकडच्या वाड्यासारखा चौक राहिला. आराखडा साहेबाचा असला तरी गवंडी आणि सुतार गावचेच होते, हे विसरता कामा नये.

छपरावर आधी हाताने थापलेली अर्धगोल कौले होती. सपाट, खाचेत खाच बसणारे मंगलोरी कौल आले ते १८६५ मध्ये, बासेल मिशनच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी मंगळूरला कारखाना काढला तेव्हा. आपले लोक ज्याला आजही मंगलोरी कवेलू म्हणतात, त्याचा जन्म एका मिशनच्या उद्योगात झाला. धर्मांतरामुळे ज्यांचे पूर्वीचे व्यवसाय तुटले, त्यांना रोजगार मिळावा हा त्यामागे हेतू होता.

उत्तरेस मुंबई. तीही बेटेच, सात. शेजारचे साष्टी हेही बेट, आणि खाडीपलीकडे वसई. हा सारा पट्टा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत साष्टी-वसईच्या गावांत चर्च आणि घरे याच रीतीने बांधली गेली. गिरगावच्या खोताच्या वाडीत आजही जी थोडी जुनी ख्रिस्ती घरे उरली आहेत, त्यांचे लाकडी व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने पाहिले म्हणजे बेटावरच्या घराला बाहेर राहणे किती आवडते ते कळते. जिना बाहेर घेतला की आतली खोली आरपार मोकळी राहते आणि वाऱ्याच्या वाटेत काही येत नाही.

इंग्रजांनी तेथे जे केले ते अधिक विलक्षण म्हणावे लागेल. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मुंबईत गॉथिक शैली आणली. ही शैली मुळात उत्तर युरोपातील मंद सूर्याची. उंच, मोठ्या खिडक्यांतून जेवढा मिळेल तेवढा उजेड आत ओढायचा, हा तिचा स्वभाव. मुंबईच्या सूर्याला तसे बोलावणे धाडणे धोक्याचे होते. म्हणून १८७४ चे जुने सचिवालय असो की १८७८ चे उच्च न्यायालय, खिडक्यांच्या पुढे कमानींचे खोल व्हरांडे आले. सूर्य आणि पाऊस त्या कमानींपाशीच थांबतात, वारा तेवढा आत जातो. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या या इमारती जागतिक वारसा यादीत घेतल्या, तेव्हा हवामानाला साजेशा सज्जांचा आणि व्हरांड्यांचा आवर्जून उल्लेख केला. व्हरांडा हा शब्दही मराठीत पोर्तुगीजांच्या मार्फत रुळला, असे मानतात. आणि बंगला हा बंगालमधील झोपडीवरून आलेला. दोन्ही शब्द दमट मुलखांतील. ही बाब पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

बेटावरील उष्मा आणि आपल्या जंगलातील उष्मा हे एकाच जातीचे नाहीत. मुंबईत मे महिन्यातील दुपारचे तापमान सरासरी ३३-३४ अंश असते. आपण चंद्रपूरकर त्याला उन्हाळा म्हणणार नाही. पण त्या हवेत बाष्प एवढे असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळणे हाच देहाला थंड होण्याचा मुख्य मार्ग आहे. अशा ठिकाणी वारा अंगावरून वाहता ठेवणे हाच उपाय. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश. हवा त्याहून थोडी थंड आहे, म्हणून वारा देहातील उष्णता घेऊन जातो. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. घराने दोन्हींना वाट द्यायची. भिंत पातळ असली तरी चालते, दारे-खिडक्या समोरासमोर हव्यात.

आता आपल्याकडे या. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, कधी त्याही पलीकडे. दुपारच्या हवेत बाष्प नावालाच उरते. वारा त्वचेहून दहा अंश गरम असतो. बेटावरचा माणूस ज्या वाऱ्यासाठी खिडकी उघडतो, तोच वारा येथे भट्टीचे दार उघडल्यासारखा अंगावर येतो. त्याला आपण झळा म्हणतो आणि दार लावून घेतो. उलट आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाळते आणि वाळताना हवा थंड करते. म्हणूनच विदर्भात घरोघरी कूलर चालतो, आणि म्हणूनच मुंबईस नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी हौसेने नेलेला कूलर तेथे खोली आणखी चिकट करतो. इतके हे वेगळे.

मग दमट बेटावरील घर कोरड्या चांद्यात आलेच कसे? राजकारणामुळे. नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेले १८५४ मध्ये, आणि त्याच सुमारास लॉर्ड डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खात्याची घडी बसवली. हे खाते ठरावीक नमुन्यांवर काम करी. जोते उंच, मधोमध हॉल, सभोवती खोल्या, बाहेर व्हरांडा, मागे वेगळे स्वयंपाकघर: असा बंगला समुद्रकिनाऱ्यावर, दख्खनच्या छावणीत आणि घनदाट जंगलातही थोड्याफार फरकाने एकच असे. पुढे वन खात्याचे काम वाढले, आणि ताडोबाच्या परिसरापासून आलापल्लीपर्यंत व खाली प्राणहितेकाठच्या सिरोंच्यापर्यंत अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी विश्रामगृहे उभी राहिली. सागवान दाराशीच होते. आलापल्लीच्या सागाची ख्याती सांगायला नकोच.

परंतु कागदावरचा नमुना येथे पोहोचल्यावर हळूहळू बदलला, आणि माझ्या मते खरे शहाणपण त्या बदलांत आहे. भिंती जाड झाल्या, दीड ते दोन फुटांच्या, म्हणजे दिवसाचे ऊन आतपर्यंत पोहोचायला संध्याकाळ व्हावी. खिडक्या कमी आणि लहान झाल्या. छत उंच गेले, आणि भिंतीच्या अगदी वरच्या भागात दोरीने उघडायचे झरोके आले. तापलेली हवा वर चढते व तेथून निघून जाते. दिवसा सकाळी नऊच्या आत सारे बंद करायचे, सूर्य मावळल्यावर सारे उघडायचे, हा त्या घराचा दिनक्रम. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपीत. ते तत्त्व आपल्या कूलरचेच. कवेलूंखाली लाकडी फळ्यांचे किंवा कापडाचे छत ताणीत, म्हणजे दोहोंमध्ये हवेचा थर राही. आणि व्हरांडा? तो राहिला, मात्र त्याचे काम बदलले. बेटावर तो पावसापासून खिडकी राखी आणि वारा आत पाठवी. येथे तो जाड भिंतीवर ऊन पडूच देत नसे. भिंतीची सावली, एवढाच त्याचा अर्थ उरला, पण केवढा मोठा!

यातील किती गोष्टी साहेबाने स्वतः शोधल्या? फारच थोड्या. मातीची जाड भिंत, खाली उतरलेले छप्पर, लहान दार, पुढे सपरी हे आपल्या गोंड आणि कुणबी घरांत पूर्वापार होते. साहेबाने त्याच गोष्टी मोठ्या मापात बांधल्या. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. त्या हॉलमधील गारवा कोणाच्या तरी हातांवर अवलंबून होता. बाहेर बसून तासन्‌तास पंख्याची दोरी ओढणारा, ताट्यांवर पाणी मारणारा, डोक्यावरून ओझी वाहणारा माणूस गावचा होता, आणि कित्येकदा ती वेठ असे. याच चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. या वास्तूंकडे केवळ जुन्याच्या कौतुकाने पाहणे आपल्या भागातील माणसाला शक्य नाही, आणि शक्य असू नये. बांधणीतील ज्ञान मात्र कोणाच्या मालकीचे नसते.

मिशनांनी हाच नमुना उचलला. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मिशनने एकोणिसाव्या शतकात चांद्यात काम सुरू केले. १९६२ मध्ये चांदा हे सिरो-मलबार मिशनक्षेत्र झाले आणि सी.एम.आय. संस्थेचे धर्मगुरू केरळातून येथे आले, तेव्हा तेही आपल्या मनात एक दमट किनारपट्टी घेऊनच आले असणार. उतरते छप्पर आणि व्हरांडा त्यांना घरचाच वाटला असेल. उघड्या खिडक्यांची सवय येथील पहिल्याच मे महिन्यात सुटली असेल, असे मी गमतीने आमच्या ज्येष्ठ फादरांना म्हणतो.

बिघडले ते पुढे. आधी टिनाचे पत्रे आले. पत्रा पाऊस अडवतो, माकडांना दाद देत नाही, दर वर्षी फेरावा लागत नाही. हे तिन्ही गुण खरे आहेत. परंतु उन्हात तो इतका तापतो की हात लावता येत नाही, आणि ती उष्णता थेट खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते. चंद्रपूर सुमारे २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. म्हणजे ज्या दिवसांत ऊन सर्वांत कडक, त्याच दिवसांत सर्वाधिक मारा छपरावर. स्लॅबची तऱ्हा निराळी. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत सोडतो. बाहेर अंगणात बाज टाकली तर झोप लागते, आत नाही, हा अनुभव कोणाला नाही?

माझाही यात वाटा आहे, तो लपवीत नाही. सुमारे २० वर्षांपूर्वी एका शाळेची जबाबदारी माझ्याकडे असताना पश्चिमेकडचा व्हरांडा मी काचा लावून बंद करून घेतला. धूळ येते अशी तक्रार होती, आणि दिसायलाही ते शहरी वाटले. काचेतून ऊन आत येते, पण तापलेल्या भिंतींची उष्णता काचेतून तशी सहज परत जात नाही, हे विज्ञान मी स्वतः कधीकाळी शिकलो होतो. पुढच्या मार्चमध्ये तिसऱ्या तासाला मुले पेंगू लागली. दोन मुलींना भोवळ आली. आम्ही शाळेची वेळ सकाळची केली, पंखे वाढवले, वीजबिल वाढले. काचा काढण्याचे धैर्य व्हायला तीन वर्षे लागली, कारण त्या देणगीतून बसवल्या होत्या.

जुने तेवढे राखावे, असे माझे म्हणणे नाही. दादरचे आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्च, ज्याला मुंबईकर पोर्तुगीज चर्च म्हणतात, त्याची आजची इमारत १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी रचली. ती संपूर्ण काँक्रीटची आहे. पण उपासनेच्या जागांवर त्यांनी वर निमुळते होत जाणारे मोठे घुमट उभे केले, ज्यांच्या माथ्यातून गरम हवा निघून जाते, आणि मधे मोकळे चौक ठेवले. बेटावरच्या घराची रीत नव्या साहित्यात उतरवता येते, याचा तो पुरावा आहे. आपल्याकडे असे चर्च बांधायचे तर चौकांऐवजी जाड भिंती आणि रात्री उघडणारे झरोके लागतील, एवढाच फरक.

हे सारे मी पुढच्या सभेत मांडले, यापेक्षा बऱ्याच थोडक्यात. दीड तास चर्चा झाली, थोडी तापलीही. माकडांचा प्रश्न खोटा नव्हता आणि वर्गांची गरजही खरी होती. शेवटी असे ठरले की, पश्चिम आणि दक्षिणेकडचा व्हरांडा उघडाच राहील; उत्तरेकडचा, जेथे ऊन फारसे येत नाही, तेवढा विटांच्या जाळीने बंद करून दोन वर्ग काढायचे. चारऐवजी दोन. वाळवीने खाल्लेले वासे बदलायचे, कवेलूंवर तारेची जाळी ताणायची आणि खाली फळ्यांचे छत पुन्हा घालायचे. वर्षानुवर्षे रंगाने चिकटून बसलेले झरोके सोडवायचे काम युवकांनी घेतले. शेजारच्या सभागृहाच्या पत्र्यांना तूर्त वरून पांढरा चुना.

अडचण आली ती कवेलूंची. नवीन मिळणे कठीण झाले आहे. पण गावोगावी घरकुले बांधली जात आहेत आणि उतरवलेले जुने मंगलोरी कवेलू कुंपणाशी रचून पडले आहेत. सभेतील त्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या पाडलेल्या घराचे सारे कवेलू देऊ केले. मे महिन्याच्या शेवटी पहिली ट्रॉली चर्चच्या आवारात आली. वाटेत बरेच फुटले. उरलेले मोजून, भिजवून, कडा तपासून चिंचेखाली रचून ठेवले आहेत. पाऊस लागण्यापूर्वी अर्धे छप्पर झाले, बाकीचे दिवाळीनंतर.